गुप्तेकाकांचा पांढरा चेंडू

गुप्तेकाका माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलले, त्यावरूनच आमचं भांडण झालं.

दिल्लीच्या द्वारकेत आमच्या घरापासून दहा मिनिटांवर गोल्फचं एक सार्वजनिक मैदान आहे. तिथे क्लबाचा रुबाब नाही, आत जायला कोणाची ओळख लागत नाही, आणि दर दोन मिनिटांनी डोक्यावरून एक विमान पोट दाखवत उतरतं. मी तिथे जायला लागले ती हौसेने नव्हे, रागाने. गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात महत्त्वाचे सगळे निर्णय शनिवारी सकाळी गोल्फ खेळताना होत आणि सोमवारी ते आम्हा बाकीच्यांना कळवले जात. दोन वर्षं मी सोमवारी मान डोलावली. मग एक दिवस डोकं फिरलं आणि मी कोणाच्या तरी नवऱ्याचं जुनं किट विकत घेतलं. हे कळल्यावर माझ्या बॉसने मोठ्या मनाने स्वतःच्या पेटीतले तीन चेंडू मला दिले. टीव्हीवरचे खेळाडू वापरतात तेच, म्हणाला. मी ते प्रसादासारखे रुमालात बांधून घरी नेले.

त्यातला एक गवतावर ठेवून मी काठी उगारली, तेवढ्यात मागून आवाज आला, "मॅडम, ये बॉल आपकी नहीं है."

मी वळले. सत्तरीचे एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, पांढरी टोपी, कॅनव्हासचे बूट, खिशाला दोन पेनं आणि एक जाड काळा मार्कर.

"मतलब क्या है आपका? चोरी की है मैंने?" मी म्हणाले, आणि पाठ फिरवता फिरवता मराठीत पुटपुटले, "कुठून कुठून येतात सकाळी सकाळी."

"आर. के. पुरमहून," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "म्हणजे अठ्ठावीस वर्षं तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. आता इथेच, सेक्टर बारा. आणि चोरला असं कुठे म्हणालो मी? तुमच्या खेळाचा नाही, एवढंच म्हणालो. मगाशी तीन फटके बघितले तुमचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी माझा चेंडू उचलला, कानाशी नेऊन नखाने टकटक केलं, परत ठेवला आणि म्हणाले, "रविवारी घरी या. काकूंच्या हातचे पोहे मिळतील, आणि चेंडूही."

हौशी खेळाडूला त्याच्या खेळाचा चेंडू निवडून देणं हा काकांचा नाद होता. लोकांना वाटतं, गोल्फचा चेंडू म्हणजे चेंडू. पांढरा, गोल, अंगभर खळ्या असलेला. मलाही तेच वाटे. पण त्यात कडक सालीचे असतात, मऊ सालीचे असतात, पोटातून दगडासारखे असतात आणि पोटातून मऊही असतात. एखादा भरपूर फिरकी घेतो, एखादा सरळ लोळत जातो. दुकानात गेलेला माणूस मात्र एकच विचारतो, सगळ्यात लांब कुठला जातो? या प्रश्नाची काकांना चीड होती. "लांब जाऊन करायचंय काय? शेवटी जायचंय त्या एवढ्याशा भोकात. तिथून उलटं मोजत या." आणि मग बोट वर करून, "आहे तो खेळ बघा. असावासा वाटतो तो नको."

हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशोब नाही. एका बाबतीत मात्र त्यांनी स्वतःकडे बघायचं साफ टाळलं होतं, तेही नऊ वर्षं. ती बाब म्हणजे त्यांचे डोळे. त्यांच्या थोरल्या भावाची, ठाण्याच्या नानांची, दृष्टी काचबिंदूने गेली होती. हा आजार घराण्यात उतरू शकतो असं कोणीतरी काकांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून काका डोळ्यांच्या डॉक्टरच्या गल्लीनेसुद्धा गेले नाहीत. हे मला बरंच उशिरा कळलं. तोवर त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी आम्हा सगळ्यांपासून इतकी बेमालूम लपवली होती की आजही आठवलं की मला त्यांचा राग येतो.

पण आधी तो रविवार.

काकांची हयात एका सरकारी प्रयोगशाळेत गेली होती. पहिली दहा वर्षं ते प्रेशर कुकरचे व्हॉल्व्ह तपासत, आणि पुढे निवृत्तीपर्यंत रंग विभागात होते. भिंतीचा रंग, चिनी मातीच्या कपबशा, फ्रिजचे दरवाजे, जे जे पांढरं म्हणून विकलं जातं ते खरंच पांढरं आहे का, हे ठरवायचं. त्यामुळे जगाकडे बघायची त्यांची रीतच तशी झाली होती. आवडलेली प्रत्येक गोष्ट 'सॅम्पल पास', न आवडलेली 'सॅम्पल फेल'. सोसायटीतला समोसा फेल, नवा वॉचमन पास, त्यांच्या भाचीने आणलेला मुलगा आधी फेल आणि लग्नानंतर 'फेरतपासणीत पास'. दिल्लीभर लोक त्यांना गुप्ताजी म्हणत. ते दर वेळी "गुप्ते. ते," अशी दुरुस्ती करत. समोरचा "हां हां, गुप्तेजी" म्हणे आणि पुढच्याच वाक्यात परत गुप्ताजीवर येई. पण त्यांनी दुरुस्ती कधी सोडली नाही.

मी गेले तेव्हा स्वयंपाकघरात ओट्यावर एक मोठं पातेलं होतं आणि त्यात चेंडू तरंगत होते. पाण्यात इतकं मीठ घातलं होतं की चेंडू बुडतच नव्हता. काका एकेक चेंडू बोटाने गिरकी देऊन फिरवत, थांबला की वरच्या टोकाला मार्करने ठिपका देत, मग परत फिरवत. दर वेळी तोच ठिपका वर आला की चेंडू एका बाजूला जड.

"म्हणजे सॅम्पल फेल," शैलाकाकू पोह्यांवर खोबरं पेरत म्हणाल्या. "मागच्या महिन्यात पाच पुड्या मीठ लागलं घरात. किराणावाला विचारतो, आंटी, अचार डाल रही हो क्या?"

पोहे झाल्यावर काका मला सोसायटीच्या मागच्या गवतावर घेऊन गेले. तीन चेंडू त्यांनी माझ्यासमोर ठेवले. तिन्हींवरची कंपनीची नावं मार्करने काळी केलेली होती. "नाव वाचलं की माणूस नावाला खेळतो," ते म्हणाले. पन्नास पावलांवर त्यांनी एक छत्री रोवली. मी तिन्ही चेंडू आलटून पालटून छत्रीकडे मारायचे, आणि ते काही न बोलता बघणार.

तासाभराने निकाल लागला. "तुझा हात घाबरतो," ते म्हणाले. ते मला 'तुम्ही'वरून 'तू' कधी म्हणायला लागले ते कळलंच नाही. "घाबरला की चेंडू उजवीकडे पळतो. तुझ्या साहेबाचा चेंडू फिरकीचा आहे. फिरकी देणाऱ्याच्या हातात ते हत्यार, तुझ्या हातात ती चूक मोठी करून दाखवणारी काच. तू घे हा. साल कडक, पोट मऊ, फिरकी कमी. उजवीकडे जाईल, पण लाजत लाजत जाईल. आणि भोकाजवळ आलीस की उडवायच्या फंदात पडू नकोस. लोळव. तुझा खेळ लोळवायचा आहे."

कोणा बाईला असं तोंडावर सांगणं बरं नव्हे, पण मला हायसं वाटलं. दोन महिने मी उडवायला बघत होते आणि रोज चार चेंडू कीकरच्या, म्हणजे इथल्या बाभळीच्या, काट्यांत घालवत होते. त्यांनी दिलेला चेंडू साधा होता, पिवळा होता. पिवळा का, म्हणून मी विचारलं. "जानेवारीत धुक्यात पांढरा शोधशील? पिवळा दिसतो." तुम्ही का नाही मग पिवळा घेत? "मला लागत नाही. मला पांढरा दिसतो," ते म्हणाले, आणि पातेल्यातलं पाणी ओतायला आत गेले.

तो पिवळा चेंडू घेऊन मी ऑफिसच्या शनिवारी गेले. बॉसने चेंडू बघून भुवया उंचावल्या. "मीनल, व्हॉट इज दिस? लिंबू?" सगळे हसले. मी हरले, चांगली दणकून हरले. पण ज्या चेंडूने सुरुवात केली त्याच चेंडूने शेवट केला. बॉसने त्या दिवशी त्याचे पाच चेंडू हरवले आणि सहावा माझ्याकडे मागितला. सोमवारी मला काही कळवायची वेळ आली नाही, कारण शनिवारी मी तिथेच होते. काकांना फोन करून सांगितलं. "चेंडू परत आला ना? सॅम्पल पास," एवढंच म्हणाले.

पुढची तीन वर्षं आम्ही दर रविवारी बरोबर खेळलो. काकांचा खेळ फार मोठा नव्हता, पण नीटस होता. त्यांच्या काही सवयी मला तेव्हा केवळ लकबी वाटत. फटका मारला की चेंडूकडे न बघता ते माझ्या तोंडाकडे बघत. "दिसला का काका?" मी विचारलं की "दिसला ना!" असं ठणकावून सांगत, आणि मग हात पुढे करून, "चल, तू हो पुढे. लेडीज फर्स्ट." मी चेंडूपर्यंत जाऊन उभी राहायचे आणि ते सावकाश मागून येत. मला त्यांच्या या जुन्या वळणाच्या अदबीचं फार कौतुक होतं. घरी आईलाही फोनवर सांगितलं होतं, असे लोक आता उरले नाहीत म्हणून!

रोज सकाळी आठला काका नानांना ठाण्याला फोन करून मराठी पेपर वाचून दाखवत. अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. "मुरबाड रोड, वन बीएचके, पार्किंग नाही," असं वाचून दोघं त्यावर पाच मिनिटं चर्चा करत. एकदा मी त्या वेळी तिथे होते. काकांच्या मांडीवर टॅब होता आणि त्यावर अक्षरं इतकी मोठी केली होती की पडद्यावर चारच शब्द मावत होते. चार शब्द, बोटाने सरकव, चार शब्द. पलीकडून नाना म्हणाले, "बाळ्या, हल्ली तू वाचताना फार थांबतोस रे." काका म्हणाले, "नेट स्लो आहे नाना."

मी तिथेच बसले होते. त्यांच्या घरचं नेट माझ्या घरच्यापेक्षा चांगलं होतं. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

मग करोल बागेचं प्रकरण झालं. तिथल्या एका आतल्या गल्लीत खुरानाजींचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. काका बावीस वर्षं चेंडू तिथूनच घेत. दोघांचं नातं दुकानदार-गिऱ्हाइकाचं उरलं नव्हतं, काका गेले की खुरानाजी स्टूल पुसून देत, लस्सी मागवत, आणि नवा माल आला की गल्ल्यावरच्या इतर गिऱ्हाइकांना सांगत, "पहले गुप्ताजी पास करेंगे, फिर बिकेगा." त्या दिवशी मीही बरोबर होते. मेट्रोने सरळ करोल बाग, तिथून पायी.

खुरानाजींनी नवी पेटी पुढे ठेवली. काकांनी सील तोडलं, एक चेंडू काढला, दाराशी उजेडात नेला, फिरवून बघितला. त्यांचा चेहरा बदलला. दुसरा काढला. तिसरा.

"खुरानाजी, ये पुराना माल है."

"कल आया है जी, गुप्ताजी."

"पीला पड़ गया है. गोदाम में साल-दो साल पड़ा रहा होगा."

"गुप्ताजी, सील आपने खुद तोड़ी है अभी."

"सील दुबारा लग सकती है."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बावीस वर्षांच्या ओळखीत असं वाक्य खुरानाजींनी ऐकलं नव्हतं. त्यांनी एक चेंडू हातात घेतला, बघितला, माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. चेंडू पांढरा होता. धुतलेल्या बशीसारखा पांढरा होता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काकांच्या नजरेपुढे माझी नजर ती काय, असं मला वाटलं; ज्यांनी जन्मभर पांढरं तपासलं त्यांना मी काय सांगणार? खुरानाजी पेटी बंद करत हळूच म्हणाले, "ठीक है जी. आपने फेल कर दिया, तो फेल." त्यांचे डोळे भरून आले होते. लस्सी तशीच राहिली.

परतीच्या मेट्रोत काका खिशातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

दोन दिवसांनी शैलाकाकूंनी मला खाली बागेत गाठलं. "अगं, यांचं काय चाललंय मला बिल्कुल कळत नाही. तीन पावडरी बदलल्या कपड्यांच्या. म्हणतात शर्ट पिवळट निघतात. नीळ घाल म्हणाले, घातली, तर शेजारची मिसेस शर्मा विचारते, भाभीजी, भाईसाब का शर्ट नीला कैसे हो गया? परवा दुधावरून भांडले. ट्यूबलाइट बदलून घेतली. मी म्हटलं डोळे दाखवा, तर दोन दिवस जेवले नाहीत नीट." आणि मग त्यांनी मला नानांचं, काचबिंदूचं आणि नऊ वर्षांचं सगळं सांगितलं. "जुन्याच नंबरचा चष्मा परत परत करून आणतात. मी काही बोलले की म्हणतात, शैला, नानांना सुरुवातीला असंच झालं होतं, मला कळतंय मला काय होतंय, डॉक्टरने सांगून काय वेगळं होणार आहे? माझीही नजर गेली की नानांना पेपर कोण वाचून दाखवणार, तेवढं बघ."

त्या क्षणी मला ती सगळी अदब कळली. 'लेडीज फर्स्ट' कळलं, माझ्या तोंडाकडे बघणं कळलं. तीन वर्षं हा माणूस स्वतःचा चेंडू माझ्या चेहऱ्यावर शोधत होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

पण त्यांना सांगायचं कसं? 'काका, तुम्हाला दिसत नाही' असं म्हटलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. विचार करता करता मला त्यांची टाइल आठवली.

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने घड्याळ देऊ केलं तेव्हा काकांनी त्याऐवजी एक वस्तू मागून घेतली होती. रंग विभागात पांढऱ्याचं माप म्हणून चिनी मातीची एक टाइल असते. कुठलीही पांढरी वस्तू तिच्याशेजारी ठेवून बघायची, आणि मगच पास-फेल करायचं. कोपरा उडालेली अशी एक टाइल मोडीत निघाली होती, ती त्यांनी आणली. सुरुवातीला चेंडूसुद्धा ते तिच्यावर ठेवून बघत. पुढे "नजर बसली आता, टाइल कशाला?" म्हणाले, आणि काकूंनी ती गरम पातेल्याखाली ठेवायला घेतली.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. मी खुरानाजींकडून नवी पेटी आणली होती. बाल्कनीत चांगलं ऊन होतं. काका खुर्चीत बसले होते. मी ओट्यावरच्या पातेल्याखालून टाइल काढली, साबणाने घासली, पुसली आणि त्यांच्यासमोर ठेवली. तिच्यावर एक चेंडू ठेवला. त्याच्यावरचं नाव मार्करने काळं केलं होतं.

"काका, तुमच्या पद्धतीने बघा. पास की फेल?"

त्यांनी चेंडू बघितला. "पिवळा आहे. फेल."

"टाइलशी लावून बघा."

ते वाकले. चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला. चेंडू उचलून शेजारी ठेवला, दुसऱ्या बाजूला ठेवला. बराच वेळ गेला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"ही टाइल... मळलीय," ते म्हणाले.

"आत्ता घासली."

"पिवळी दिसतेय."

चिनी मातीची टाइल पिवळी पडत नाही, हे त्या घरात त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी टाइलवरून बोट फिरवलं, उडालेल्या कोपऱ्यापर्यंत. मग हात मांडीवर ठेवले.

"म्हणजे सॅम्पल बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "यंत्र फेल आहे."

काकू पुढे आल्या. काकांनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "शैला, किती शर्ट निळे केलेस तू माझे?"

"सगळे," काकू म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यातली ती सकाळ मी विसरणार नाही. डोळ्यांत थेंब घालून त्यांना तासभर बसवलं होतं. काका ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, शिक्षा ऐकायला बसल्यासारखे. काकू जप करत होत्या आणि मधेच थांबून माझा हात दाबत होत्या. मीही मनातल्या मनात नको नको ते बोलत होते. आत बोलावलं तेव्हा डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने यंत्रातून बघितलं, डोळ्यांचा दाब मोजला, परत मोजला.

"अंकल, मोतिया है. दोनों आँखों में. काफ़ी पका हुआ. पहले क्यों नहीं आए?"

"काला?" काकांनी विचारलं. दिल्लीत काचबिंदूला काला मोतिया म्हणतात. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"नहीं नहीं. सफ़ेद वाला. ऑपरेशन से साफ़ हो जाएगा. अंदर की नस बिल्कुल ठीक है, प्रेशर नॉर्मल है."

मला वाटलं आता काका रडतील. त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आपका ये यंत्र... इसका कैलिब्रेशन कब हुआ था?"

मला हसू आवरेना, म्हणून मी बाहेर पळाले. बाहेर गेल्यावर ते हसू कुठल्या कुठे गेलं आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून लहान मुलीसारखी रडले. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आतून काकूंचा आवाज येत होता. त्या आता रडत नव्हत्या. नऊ वर्षांचं सगळं एकदम काढत होत्या. "साध्या मोतीबिंदूपायी मला निळे शर्ट धुवायला लावलेत!" डॉक्टरला मराठी येत नव्हतं, पण आशय पोचला असावा.

ऑपरेशन एका वेळी एकाच डोळ्याचं झालं. आधी उजवा. पट्टी निघाल्यावर आठवड्याभराने मी गेले तर काका बाल्कनीत बसून खुरानाजींच्या पेटीतला चेंडू हातात धरून एक डोळा झाकत होते, मग दुसरा. परत हा, परत तो.

"बघ गंमत," ते म्हणाले. "या डोळ्याने खुराना खरा. या डोळ्याने मी." आणि डावा डोळा झाकून त्यांनी चेंडूकडे कितीतरी वेळ बघितलं. "केवढा पांढरा असतो ग हा."

डाव्या डोळ्यासाठी थांबायला ते तयार नव्हते. काळा गॉगल लावून, पिशवीत टाइल घेऊन ते माझ्याबरोबर करोल बागेला आले. दुकानात गेल्या गेल्या त्यांनी टाइल काउंटरवर ठेवली. गल्लीतलं गिऱ्हाईक बघत होतं, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती.

"खुरानाजी, वो पेटी पास थी. मेरी आँख फेल थी. सबके सामने बोला था, सबके सामने वापस लेता हूँ."

खुरानाजी गल्ल्यामागून बाहेर आले. मागच्या फळीवरून त्यांनी ती तोडलेल्या सीलची पेटी काढली. तिच्यावर कागद चिकटवला होता, 'बेचना नहीं'. "कैसे बेचता जी," ते म्हणाले. "आपने पास नहीं की थी." मग त्यांनी स्टूल पुसलं आणि लस्सी मागवली. काकांनी गॉगल काढून डोळे पुसले, तेव्हा मी त्यांना ओरडले, कारण डॉक्टरने डोळ्यांना हात लावायला मनाई केली होती.

"चलो, हो गया जी, गुप्ताजी," खुरानाजी म्हणाले.

"गुप्ते," काका म्हणाले. "ते."

दुसरा डोळा झाल्यावर काकांनी आणखी एक गोष्ट ठरवली. नाना आता थकले होते. फोनवरून वाचण्यापेक्षा समोर बसून वाचावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. काकूंनाही दिल्लीच्या थंडीचा कंटाळा आला होता. द्वारकेचा फ्लॅट भाड्याने दिला आणि मार्चमध्ये दोघं ठाण्याला जायला निघाली. जाण्याच्या आदल्या रविवारी आम्ही शेवटचे खेळलो.

थंडी गेली होती, ऊन अजून चावत नव्हतं. माझ्याकडे माझा पिवळा, त्यांच्याकडे खुरानाजींच्या पेटीतला पांढरा. चौथ्या भोकावर काकांनी फटका मारला आणि चेंडू उजवीकडे कीकरच्या झाडीकडे गेला, जिथे माझे एकेकाळी रोज चार जात.

"गेला, काका," मी म्हणाले.

"कुठे गेला? तो काय, दिसतोय."

"कुठे?"

"दुसऱ्या कीकरच्या उजव्या हाताला. वाळक्या पानांत. हा एवढा पांढरा!"

मी कपाळावर हात आडवा धरून बघितलं. मला पानं दिसली, काटे दिसले, एक मोर दिसला. चेंडू काही दिसेना. काका माझ्यासाठी थांबलेसुद्धा नाहीत. तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यापुढे निघाले, एकटेच, आखल्यासारख्या सरळ रेषेत. झाडीपाशी जाऊन वाकले, आणि चेंडू उचलायचा नसतो हा नियम बेधडक मोडून त्यांनी तो डोक्यावर धरला. इतक्या लांबून मला त्यांचा शर्ट कळत होता, उंचावलेला हात कळत होता. हातातला चेंडू मात्र काही केल्या दिसत नव्हता.

"दिसला का?" ते ओरडले.

"दिसला ना!" मी ठणकावून सांगितलं.

सोमवारी ऑफिसला जायच्या आधी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.